पावणेसहाची दौंड गाडी

कादंबरीतली नदी सिनेमाला परवडत नाही, हे विक्रमचं पहिल्याच बैठकीतलं वाक्य होतं, आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. 'उतारावरची हाक' ही कादंबरी साठ वर्षांपूर्वी दौंडच्या एका रेल्वे कारकुनाने लिहिली. तेव्हा भीमेला पाणी होतं, पाण्यात नाव होती आणि नावेत बसायला माणसं होती. आता पात्रात जलपर्णी, वरून पूल आणि पुलावरून उसाच्या ट्रॉल्या. नावेने कशाला कोण जाईल?

"भीती तीच ठेव. फक्त जागा आजची दे," विक्रम म्हणाला. तो दिग्दर्शक, पुण्याचा, बोलायला गोड आणि कापायला सदा तयार.

"एसटी स्टँड," करुणा म्हणाली. "शिरूरचं."

दहा वर्षं मालिकांचे संवाद लिहून करुणा ओव्हाळची बोटं झिजली होती, आणि मोठ्या पडद्यावर नाव यायची ही पहिलीच वेळ होती. पण उत्तर इतकं चटकन आलं ते त्यामुळे नाही. ही कादंबरी तिला पाठ होती. लहानपणी जेवणं उरकली की वडील ती मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि हेच वडील एकतीस वर्षं शिरूर स्टँडवर गाड्या पुकारायचे.

कादंबरीची गोष्ट तशी सरळ. तिन्हीसांजेला पैलतीरावरून नावाडी हाक मारतो. आधी गाव, मग नाव. "सांगवीचे रामजी, चला, नाव सुटती." नावाडी मरून वर्ष झालेलं असतं. तो तीन हाका मारतो, आणि तिसऱ्या हाकेला ज्याचं नाव घेतलं तो माणूस मुकाट पाण्यात चालू लागतो. त्यावर उपाय एकच. तिसरी हाक विरायच्या आत घरातल्या कुणीतरी मागून मोठ्याने म्हणायचं, "तो येत नाही, त्याचं घरी काम आहे." कादंबरीतली म्हातारी हे वाक्य आपल्या मुलासाठी रोज संध्याकाळी म्हणते, वीस वर्षं. शेवटच्या पानावर म्हातारी गेलेली असते, आणि दिवस मावळत असतो.

हे पान वाचताना वडिलांचा आवाज कधी हलला नाही. करुणा मात्र दर वेळी रडायची, आणि तिचा धाकटा भाऊ सम्राट तिला हसायचा.

वडील म्हणजे मच्छिंद्र ओव्हाळ. पद वाहतूक नियंत्रकाचं, पण अख्खं स्टँड त्यांना आबाच म्हणे. त्यांचा आवाज भरदार होता, पण त्यात दरारा नव्हता. घरचं माणूस ओसरीवरून बोलावतं तसा वाटायचा. गाड्यांबरोबर चुकलेली माणसंही तेच पुकारायचे. बाजाराच्या दिवशी कुणाची सासू हरवायची, कुणाचा नवरा. चौकशीच्या खिडकीतून चिठ्ठी आत यायची आणि कर्ण्यातून आवाज यायचा, "न्हावऱ्याच्या साखरबाई यांनी जिथे असतील तिथून चौकशी खिडकीजवळ यावे. त्यांची सून वाट पाहत आहे." साखरबाई दहा मिनिटांत हजर. सम्राट घरी त्यांची नक्कल करायचा. स्टीलच्या पेल्यात तोंड घालून तो म्हणायचा, "शिरूरच्या करुणाताईंनी जिथे असतील तिथून भांडी घासायला यावे." पेल्यामुळे आवाज घुमायचा आणि शेवटी त्यालाच हसू फुटायचं.

सम्राट पुढे कुरकुंभला केमिकल कंपनीत लागला. दर गुरुवारी त्याची सुट्टी असे. बुधवारी पहिली शिफ्ट सुटली की दौंडला यायचं, चारची गाडी धरायची, चौफुला, केडगाव, न्हावरे करत पावणेसहाला शिरूर. नऊ वर्षांपूर्वीच्या एका बुधवारी त्याने दौंडहून फोन केला. "ताई, लई गर्दी. रुमाल टाकला तवा कुठं जागा मिळाली. आबांना सांग, येतोय." गाडी पावणेसहाला आली. सगळी माणसं उतरली. सम्राट उतरला नाही.

कंडक्टरला निळ्या जॅकेटातला, मांडीवर डबा ठेवलेला मुलगा आठवत होता. भीमेवरच्या पारगावच्या पुलापर्यंत मुलगा होता, एवढं तो छातीठोक सांगत होता. पुढचं त्याला सांगता येईना. पोलीस झाले, नदी झाली, दवाखाने झाले. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे लावणार? आई दुसऱ्या वर्षी गेली.

आबांनी मात्र वेगळंच केलं. गाडी आली त्या संध्याकाळी त्यांनी बटण दाबलं आणि आपल्याच मुलाला पुकारलं. "कुरकुंभचे सम्राट ओव्हाळ यांनी जिथे असतील तिथून चौकशी खिडकीजवळ यावे. त्यांचे वडील वाट पाहत आहेत." तीन वेळा. मग दुसऱ्या दिवशी. मग रोज, दौंड गाडी फलाट तीनला लागली की. निवृत्त झाल्यावरही ते त्या वेळेला येऊन बसायचे आणि त्यांच्या जागी आलेले हौसराव कंट्रोलर खुर्ची सोडायचे. स्टँडवरच्या लोकांनी कधी चेष्टा केली नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, एवढी समज गावाला असते.

दोन वर्षांपूर्वी घशाच्या कॅन्सरने तेही थांबलं. स्वरयंत्र काढावं लागलं. आता गळ्याच्या खळगीत एक भोक होतं, श्वास तिथूनच चालायचा, आणि त्यावर आबा निळ्या काठाचा पांढरा रुमाल बांधायचे. श्वासाच्या वाफेने तो रुमाल मधोमध ओला व्हायचा. करुणा रोज दोन रुमाल धुवायची. बोलायचं झालं तर आबा पाटीवर लिहीत, आणि हो-नाहीपुरतं पेनच्या टोपणाने टकटक करत. एकदा म्हणजे हो. दोनदा म्हणजे नाही.

पटकथा लिहिताना पुकारण्यासाठी नावं लागली तेव्हा करुणाने पहिलं नाव सम्राटचं टाकलं. त्यामागे काही युक्ती नव्हती. त्या स्टँडवर ते नाव पुन्हा एकदा मोठ्याने घेतलं जावं, एवढंच तिला हवं होतं. आबांना ते आता जमणार नव्हतं, आणि तिला कधी धीर झाला नव्हता.

शेवटच्या मसुद्याला विक्रमने कात्री काढली. "हे मागून उत्तर देणं काढून टाकू या. 'तो येत नाही, त्याचं घरी काम आहे.' कानाला नाटकी लागतं. आजच्या प्रेक्षकाला तीन हाका पुरे."

करुणा भांडली असती. कादंबरीचा जीव त्याच वाक्यात होता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण सम्राटच्या नावापुढे 'तो येत नाही' हे तीन शब्द लिहायला तिचा हात गेले चार महिने नकार देत होता. तिने ते वाक्य खोडलं, आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं.

त्या आठवड्यात तिने मसुदा आबांना वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "उत्तर कुठे आहे?"

"दिग्दर्शकानं काढलं, आबा."

टोपण टेबलावर दोनदा वाजलं. थोड्या वेळाने पुन्हा दोनदा.

चित्रीकरण मार्चमध्ये लागलं. जुनी चौकशीची खोली लवकरच पाडणार होते, म्हणून ती तीन तासांसाठी मिळाली, दुपारी तीन ते सहा. आत तेच लाकडी टेबल, तोच काळ्या मानेचा माइक. त्याची वायर कधीच तोडलेली होती. गाड्या आता संगणकातली बाई पुकारते, आणि तिला सगळी गावं सारखीच. चित्रीकरणापुरतं हौसरावांनी तिलाही बंद केलं होतं.

"आबांचं पुकारनं म्हंजी..." हौसराव करुणाला म्हणाले, आणि वाक्य अर्धंच टाकून चहा सांगायला गेले.

आबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. माइकवर बसणारा नट सत्यजीत चांगला होता, पण बातम्या दिल्यासारखा बोलायचा. आबांनी त्याला पाटीवर लिहून दिलं, "आधी गाव, मग नाव. गाव ऐकलं की माणूस थांबतो. नाव ऐकलं की वळतो." सत्यजीतने ते दोनदा वाचलं आणि त्यांना नमस्कार केला.

पहिला टेक पाच वाजून वीस मिनिटांनी झाला. बाहेर ऊन उतरलं होतं, फलाटावर शेंगावाला पुड्या बांधत होता. सत्यजीतने बटण दाबलं, एक क्षण थांबला आणि म्हणाला, "कुरकुंभचे सम्राट ओव्हाळ यांनी जिथे असतील तिथून चौकशी खिडकीजवळ यावे." करुणाने नजर जमिनीवर ठेवली होती. नऊ वर्षांत तिला हे इतक्या जवळून ऐकावं लागलं नव्हतं.

"कट," विक्रम म्हणाला. "मस्त."

"मस्त नाही," मोनिका म्हणाली. ती ध्वनिमुद्रक, कानावर मोठे हेडफोन, बोलणं मोजकं. "खाली दुसरा आवाज आहे. कुणीतरी बोलतंय."

"स्टँडचा स्पीकर?"

"बंद आहे ना. आणि प्रतिध्वनी असता तर नंतर आला असता." मोनिकाने रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा ऐकलं. "हा पुढे आहे. सत्यजीतच्या जरासा आधी."

हौसरावांनी जाऊन स्पीकरची बटणं पाहिली. सगळी खाली होती. कुणाच्या तरी मोबाइलचं असेल, असं विक्रमने ठरवून टाकलं आणि सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावले. आबांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ते खिडकीच्या काचेशी उभे होते, तोंड फलाट तीनकडे.

दुसऱ्या टेकला करुणाने मोनिकाकडून हेडफोन मागून घेतले.

आधी पंख्याची घरघर ऐकू आली. मग सत्यजीतच्या खुर्चीची करकर. मग त्याने बटण दाबलं, आणि त्याचे ओठ हलायच्या आधी तिच्या कानात कुणीतरी बोललं.

"शिरूरचे मच्छिंद्र ओव्हाळ यांनी जिथे असतील तिथून फलाट क्रमांक तीनवर यावे. त्यांचा मुलगा वाट पाहत आहे."

आवाज घुमत होता. स्टीलच्या पेल्यातून यावा तसा, आणि शेवटच्या शब्दाला दाबून धरलेलं हसू होतं.

करुणाने हेडफोन काढले. बाहेर फक्त सत्यजीत बोलत होता, कुरकुंभचे सम्राट ओव्हाळ. कानाला भास होतात, हे तिला माहीत होतं. ज्याची नऊ वर्षं वाट पाहिली त्याचा भास तर होणारच. पण मोनिकानेही ऐकलं होतं, आणि मोनिकाने सम्राटला कधी पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

"एक अजून," विक्रम म्हणाला. "तिसरा सेफ्टीला, हाताशी असावा म्हणून. पाच मिनिटांत."

तिसरा. करुणा आबांपाशी गेली.

"आबा," ती हळू म्हणाली, "तुमाला ऐकू येतंय?"

टोपण काचेवर एकदा वाजलं.

"सम्राट हाय?"

एकदा.

तिने त्यांची बाही धरली. आबांच्या चेहऱ्यावर मात्र भीती नव्हती. सुट्टी मंजूर झालेल्या माणसासारखे ते उभे होते. ती म्हणाली, "मी म्हणते. तिसऱ्या हाकेला मी म्हणते ते वाक्य. टेक बिघडला तर बिघडू द्या."

टोपण दोनदा वाजलं. मग आबांनी पाटी घेतली आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं, "घरी काय काम आहे माझं?"

याला उत्तर होतं. मी आहे ना, एवढंच म्हणायचं होतं. रोजचे दोन रुमाल आहेत, सकाळचा चहा आहे, तुम्ही गेलात तर मला या जगात आबांची करुणा म्हणणारं कुणी उरणार नाही, हे सगळं म्हणायचं होतं. पण आबांचे डोळे पाणावले होते, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा ते डोळे कशाची तरी वाट पाहत नव्हते.

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते बाहेर पडले.

"साउंड?"

"रोलिंग."

टेक चालू असताना कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, हा धंद्याचा पहिला नियम.

काचेतून तिला दिसलं, दौंड गाडी आत वळत होती. पावणेसहा वाजले होते. गाडी फलाट तीनला लागली.

सत्यजीतने बटण दाबलं.

तिच्या कानावर हेडफोन नव्हते. मोनिकाच्या कानावर होते, आणि मोनिका एकदम तिच्याकडे वळून पाहू लागली.

आबा फलाटावर ताठ चालत होते. चालता चालता त्यांनी गळ्याचा रुमाल सोडला, त्याची घडी केली आणि खिशात ठेवला.

ते येत नाहीत. त्यांचं घरी काम आहे.

वाक्य तोंडात तयार होतं. करुणाने ओठ घट्ट मिटले.

"कट," विक्रम म्हणाला. "झालं. हेच घेऊ."

ती धावत बाहेर गेली तेव्हा फलाट तीन रिकामा होता. गाडी दौंडकडे परत निघाली होती, आणि शेंगावाला टोपली डोक्यावर घेत होता.

स्टँडच्या कॅमेऱ्यात आबा दिसले. हौसरावांनी पोलिसांना आणि तिला ते चित्र दाखवलं. आबा गाडीच्या दारापाशी येतात. पायरीवर पाय ठेवतात, मग मागे घेतात, बाजूला होतात, आधी कुणाला तरी चढू द्यावं तसे थांबतात. पायरीवर कुणीच नाही. मग ते चढतात. हौसरावांनी ते तीनदा पाहिलं आणि डोळे पुसले.

मोनिकाने तिन्ही टेक तिला पाठवले. तिने उघडले नाहीत. विक्रमला एवढंच कळवलं की कादंबरीतलं उत्तर सिनेमात परत घालायचं, नाहीतर माझं नाव काढा.

शोध पुन्हा सुरू झाला, तीच नदी, तेच दवाखाने. सहाव्या दिवशी करुणाने पोलिसांची वाट पाहायची सोडली आणि पावणेसहाला स्वतः फलाट तीनवर जाऊन उभी राहिली. गाडीची कंडक्टर गिताबाई नावाची खुटबावची बाई होती. त्या फेरीनंतर पाच दिवस तिची सुट्टी होती, त्यामुळे तिला अजून कुणी काही विचारलेलं नव्हतं. आजच ड्युटीवर आली होती. करुणाने तिला मोबाइलवरचा फोटो दाखवला.

"व्हय की," गिताबाई म्हणाली. "बसले हुते की आबा. संगं त्यांचा ल्योक हुता, निळं जाकीट घातलेला. हसरं पोरगं."

"कुठं उतरले?"

"ते मातुर न्हाई सांगता येनार बघा. पारगावच्या पुलापोतर हुते. मागनं बघितलं तं जागा रिकामी." ती ओशाळली. "आवो, गर्दी हुती. पर म्हातारं लई गोड. सगळ्या रस्त्यानं बोलतच हुतं. लेकीनं आमच्यावर सिनेमा लिवलाय, म्हणत हुते. पोरगं आपलं ऐकतंय."

"ताई," करुणा म्हणाली, "माझ्या वडिलांना बोलता येत नव्हतं."

"आसं कसं? मागच्या शिटापोतर ऐकू येत हुतं. स्टँडवर पुकारत्यात न्हवं, तसा मोकळा आवाज." गिताबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमीच का त्यांची लेक? मग बसा की. ती जागा तुमचीच हाय."

गाडी खचाखच भरली होती. माणसं दांड्याला लोंबकळत उभी होती, एक बाई लेकराला कडेवर घेऊन उभी होती. फक्त तिसऱ्या ओळीतली खिडकीजवळची जागा मोकळी होती. तिच्यावर निळ्या काठाचा पांढरा रुमाल टाकलेला होता.

"सा दिस झाले, तसाच हाय म्हणं," गिताबाई म्हणाली. "डायवर बदलले, कंडक्टर बदलले, कुनी बसंना. रुमाल टाकलेल्या जागंवर कोन बसतंय?"

करुणाने हात पुढे करून रुमाल उचलला. सहा दिवस उन्हात, बंद काचेशी पडून त्याच्या कडा वाळून कडक झाल्या होत्या. मधोमध तो अजून ओला होता.